मेंढरामागं कोण

तारकर्ली, ९ जानेवारी

आबा,

तेलगावहून बीडची सकाळची पहिली गाडी धरायची. बीडच्या स्टँडावर उतरलं की कोल्हापूरची गाडी कुठं लागते ते विचारायचं. पाटी वाचून बसायचं नाही, पाट्या खोट्या असतात. कंडक्टरला तोंडानं विचारायचं, आणि मग दुसऱ्या एका कंडक्टरला परत विचारायचं. मायला खिडकी द्यायची. तिला गाडी लागते हे तुमाला माहीत नसंल, कारण ती तुमच्यासोबत कधी गाडीत बसलीच नाही. तुमी दोघं जन्मभर मेंढरामागं चालतच फिरलात. मला माहीत आहे, मामाच्या मैताला तिला मीच नेलतं. नेकनूर सोडलं नाही तोवर तिनं माझ्या नव्या शर्टावर... जाऊ द्या.

कोल्हापूरला दिवस मावळतो. तिथं मुक्काम करायचा. स्टँडासमोर एक लॉज आहे, मालक माझ्या ओळखीचा. त्याच्याकडं मी काही दिवस चादरी धुतल्यात. माणूस चांगला आहे, फक्त घोरतो, आणि घोरतो ते खालच्या मजल्यावर आणि ऐकू येतं वर. सकाळी मालवणची गाडी. मधी घाट लागतो. मालवणला उतरायचं आणि जागचं हलायचं नाही. पुढचं मी बघतो.

फोन केला की तुमी माझा आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून बंकटभाऊच्या पत्त्यावर कागद टाकतोय. मेंढरं दरसाल या दिवसांत त्यांच्याच रानात बसतात, म्हणजे तुमी तिथंच असणार. पत्र ठेवून द्यायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढाच माझा फायदा.

स्वप्नाचं लग्न बावीस फेब्रुवारीला आहे, रविवारी. वाळूवर, समुद्राच्या तोंडाला. शुक्रवारपासून पाहुणे येणार, शनिवारी हळद, रविवारी सकाळी लग्न. सुयोगच्या घरच्यांनी हे सगळं करायला एक कंपनी लावली आहे, आणि त्या कंपनीनं मला लावलं आहे. माझं काम पाहुण्यांची ने-आण. कोण कुठून निघणार, कोणत्या गाडीनं येणार, त्याला कुडाळच्या ठेसनावर घ्यायला कोण जाणार, हे मी बघतो. मला दोन फोन दिलेत. तुमी म्हणायचात ना, हे पोरगं एका जागी टिकत नाही, वाऱ्यावरची वरात आहे. त्याच गुणावर नोकरी लागली. आठवीतून पळालेल्या माणसाला रस्तेच तेवढे पाठ असतात.

पाहुणे काय काय विचारतात! मुंबईची एक बाई रोज फोन करते, भरती कधी, ओहोटी कधी, माझी साडी भिजंल का. नाशिकच्या एका मामांनी विचारलं, वाळूत घोडा पळतो का. म्हटलं, पळतो, वरचा नवरदेव राहतो का ते घोड्याला विचारून सांगतो. कंपनीच्या मॅडम रागावल्या माझ्यावर. 

स्वप्ना मजेत आहे. म्हणजे जेवते. मधी सुट्टी घेऊन आलती, हॉल नाही मांडव नाही म्हणून लई हसली. मग मला म्हणाली, दादा, आबांना वाळूत बसायला जमंल ना? मी म्हटलं, न जमायला काय, आबा जन्मभर ढेकळात बसले.

तुमी मायपाशी म्हणालात की पोरीला समुद्र मीच दाखवला. हे खरं आहे. मी इथं बोटीवर कामाला होतो, ती नर्सिंगची परीक्षा देऊन चार दिवस आली, आणि बोट सुयोगची होती. पण आबा, मी तिला फक्त तरंगायचं जाकीट घालायला दिलं. बाकी त्या दोघांचं त्यांनी केलं. पोरगा आपल्यातला नाही, त्याच्या घरी मासे कापतात, हे सगळं तिला डोळ्यानं दिसत होतं. मी काय सांगणार होतो?

या. मायला घेऊन या.

बजरंग

तारकर्ली, २२ जानेवारी

आबा,

निरोप मिळाला. बंकटभाऊंचा फोन आलता. म्हणाले, "तुझ्या बापानं पत्र वाचलं. म्हनं, मेंढरामागं कोण?"

मी म्हटलं, "बरं, अजून काय म्हणाले?"

"अजून काय न्हाई."

"एवढंच?"

"बे, तेवढं बोलला हेच लई झालं. दोन दिस कागद मुंडाशात घालून हिंडत हुता."

आधी वाटलं, चला, बोलले तरी. मग मला राग आला. खरं सांगतो, समुद्रावर जाऊन वरडलो. मेंढरामागं कोण! ही काय अडचण आहे का? ही सबब आहे. तुमाला यायचं नाही, तर तसं लिहा ना, की पोरगी मला मेली.

आपल्यात एक माणूस मागं राहतोच, हे मला नवं नाही. कुणाचं बी लग्न असो, अख्खं बिऱ्हाड मांडवात गेलंय असं आपल्यात कधी झालेलं नाही. सटवाकाकाच्या लग्नात तुमी मागं राहिलतात, सख्ख्या भावाच्या. माय सांगते, लग्न लागून गेल्यावर कुणीतरी धडप्यात बुंदी बांधून नेली, तर तुमी ती एका गाभण मेंढीला चारली आणि म्हणालात, हिला बी कळू द्या. मागं राहणाऱ्याला आपल्यात लई मान. पण मानानं लग्न दिसत नाही, आबा.

म्हणून मी सटवाकाकाला फोन केला. म्हटलं, तुमच्या लग्नाला ते मागं राहिले, आता पुतणीच्या लग्नाला तुमी राहा. काका म्हणाला, "म्या ऱ्हायलो तर तुझा बाप जाणार. तुझा बाप गेला तर भावकी म्हणंल, सटवानंच धाडला. मला दोन पोरी उजवायच्यात." आणि फोन ठेवला. हा गुण तुमच्या घराण्यातच आहे, फोन ठेवायचा.

मग बंकटभाऊंना म्हटलं, तुमी बघा चार दिवस. ते म्हणाले, "म्या बैलाचा माणूस. तुमची मेंढरं मला वळखीत न्हाईत. हरिबानं हाळी दिली तर माना वर करतेत, म्या दिली तर ढुंगण करतेत."

शेवटी काय केलं सांगू का? कंपनीच्या मॅडमना विचारलं, नवरीच्या वडलांनी मेंढरं टेम्पोत घालून आणली तर इथं बांधता येतील का. मॅडमना वाटलं ही मी नवरदेवाच्या वरातीसाठी काढलेली कल्पना आहे. लई खूष झाल्या. म्हणाल्या, पांढरीच आणायची, आणि आंघोळ घालून. मी म्हटलं, आमची काळी आहेत. मग त्यांचा उत्साह गेला.

इथं मी दुबईच्या माणसाला गोव्याच्या विमानतळावरून उचलून आणायची सोय केली आहे. त्याच्या सासूला गुडघ्याचा त्रास, तिच्यासाठी वाळूवर फळ्या टाकणार आहेत. हे सगळं मला जमतं. आणि तेलगावातून दोन माणसं हलवायला जमत नाहीत.

काहीतरी कळवा. नाही म्हणायचं तर नाही म्हणून कळवा. स्वप्ना रोज विचारते, मी रोज सांगतो की आबा बघू म्हणालेत.

बजरंग

तारकर्ली, ६ फेब्रुवारी

आबा,

काल खुर्च्या लावून बघितल्या. लग्नाच्या नाही, नुसत्या मापासाठी. समुद्राकडं तोंड केलं की डाव्या हाताला नवऱ्याची माणसं, उजव्या हाताला नवरीची. मॅडमनी वही काढली आणि म्हणाल्या, बजरंग, वधूपक्षाचा आकडा अजून दिला नाहीस. मी म्हटलं, देतो. त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्यात पण देतोच म्हणाला होतास. मग मी सांगितलं, की स्वप्नाच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी येतील, आणि मी.

त्या वाईट बाई नाहीत. वही मिटली आणि म्हणाल्या, काळजी करू नकोस, आम्ही भरून काढतो. फोटोत एक बाजू रिकामी वाईट दिसते. आपले वाढपी असतात ना, त्यांना फेटे बांधून उजव्या बाजूला बसवू. लग्न लागलं की उठून वाढायला जातील.

मी ते स्वप्नाला सांगणार नव्हतो. पण माझ्या पोटात काय राहतं? फोनवर सांगून बसलो. ती हसंल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बसू दे दादा. वाढप्यांना सांग, बाप कोण हुणार ते आधी ठरवा. दर दोन मिनटाला बदलू नगा." मग मला दवाखान्यातल्या मशिनीचा टिकटिक आवाज ऐकू येत राहिला. फोन ठेवत पण नव्हती, बोलत पण नव्हती.

आबा, ही पोरगी रडत नसते. लांडगा फिरत होता त्या रात्री तुमी तिला एकटीला मेंढरांभोवतीच्या वाघुरीच्या जाळ्यापाशी बसवून गेलतात, तेव्हा पण ती रडली नाही. मी रडलोतो, मी थोरला असून.

आज मायचा फोन आला, बंकटभाऊंच्या फोनवरनं. मी तिला पण बोललो. म्हटलं, तू तरी ये, त्यांना राहू दे त्यांच्या मेंढरांपाशी. ती म्हणाली, "म्या एकली आले तर तिला वाटंल बाप मेला. तसं तिला दाखवू का?" मग मी परत तेच सुरू केलं, सबब आहे, हट्ट आहे, भावकीला भेत्यात. ती ऐकून घेत होती. मग एकदम म्हणाली,

"बजरंग, तुला अक्कल हाय का न्हाई? मेंढरामागं कोण, आसं त्यांनी कुणाला इचारलं?"

म्हटलं, "बंकटभाऊला."

"बंकटला कावून इचारतील? बंकट त्यांचा ल्योक हाय का?"

मी तिथंच वाळूत बसलो. फोन कानाला तसाच.

तुमी मला विचारलंत. मी इकडं काकाला फोन करतोय, बंकटभाऊला करतोय, मेंढरांना आंघोळी घालतोय, आणि तुमी मला विचारलंत. सरळ का नाही विचारलंत? ये म्हणाला असतात तर? जाऊ द्या. मी पळून गेलतो तेव्हा पण मी सरळ सांगून गेलतो असं नाही.

मी येतो. मागं मी राहतो. एकोणीसला तिथं पोचतो, वीसला सकाळी तुमी दोघं निघा.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ऐन लग्नात तू नाहीस तर गाड्या कोण बघणार? म्हटलं, फोनवर बघतो, फोनवरच तर असतो मी. स्वप्नाला सांगितलं. ती म्हणाली, "मग सुयोगचा कान पिळायला भाऊ कुठून आणू?"

म्हटलं, "एक वाढपी घे. जाडजूड बघून."

"दादा," ती म्हणाली, "आबा आले ना, तर कान कुणी न्हाई पिळला तरी चालंल मला."

मग रडली. लई वेळ.

बजरंग

तेलगाव, २० फेब्रुवारी

आबा,

तुमी निघून गेलात आणि मला पत्र लिहायची सवय लागून बसली. हे टपालात टाकायचं नाही, आल्यावर हातात देईन. किंवा नाही देणार. बघू.

काल मी आलो तेव्हा तुमी वर बघितलं नाही. पाय आडवा करून एका मेंढीचा खूर कापत होता. म्हणालात, "धर हिला." मी पिशवी टाकली आणि धरली. झालं, एवढंच. मी गाडीत बसून काय काय ठरवलं होतं बोलायचं. मेंढीच्या घामाचा वास नाकात गेला आणि सगळं विसरलो. माय तेवढ्यात मागून आली आणि माझ्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणाली, "केस कावून आसं कापलंय, आरधं कुनी पळवलं?"

आज सकाळी तुमी नवं धोतर नेसलात, लाल फेटा बांधलात आणि फेटा मायला बरोबर वाटंना, तिनं तीनतीनदा सोडायला लावला. तुमी चिडून म्हणालात, "आगं, लगीन मपलं हाय का?" ती म्हणाली, "तवा बी असाच वाकडा बांधलाता." बंकटभाऊ लई हसले. जावयाला म्हणून तुमी घोंगडं घेतलंत, स्वतः काढलेल्या लोकरीचं. त्या दमट हवेत सुयोग घोंगडं घेऊन काय करील देव जाणे. पण मी काही बोललो नाही, बघा. शिकतोय.

जाताना तुमी रान दाखवलंत. कालव्याच्या अलीकडं हरभऱ्याचं रिकामं रान, तिथं चारायचं. पलीकडं बंकटभाऊंनी बैलांसाठी कडवळ कापलंय, पाणी पाजलं म्हणून कापल्या ज्वारीला परत हिरवे फुटवे आलेत, तिकडं फिरकू द्यायचं नाही. ते कोवळे फुटवे मेंढराला इख असतात. "ठावं हाय न्हवं?" विचारलंत. मी म्हटलं, ठावं हाय. लहानपणापासून ठावं आहे.

मग तुमी चार पावलं गेलात, आणि मागं आलात. मला वाटलं काहीतरी बोलताय. तुमी काठी माझ्या हातात दिलीत. लग्नाला काठी घेऊन कोण जातंय, म्हणालात. पण तुमी काठीशिवाय चालताना मी पहिल्यांदा बघितलं. हात कुठं ठेवावा ते तुमाला कळत नव्हतं.

मेंढरं दिवसभर तुमी गेला त्या वाटंकडं बघत होती. दुपारनंतर चरायला लागली. मी हाळी दिली तर निम्म्यांनी माना वर केल्या. निम्म्यांनी बंकटभाऊंना करतात तेच केलं.

इथं खाली रेंज येत नाही. कालव्याच्या भरावावर चढलं, आणि तोंड सूर्य मावळतो तिकडं केलं, की दोन काड्या येतात. जाऊन गाड्यांचं बघून येतो. दुबईच्या माणसाची सासू पोचली. फळ्या कमी पडल्या म्हणे.

बजरंग

तेलगाव, २२ फेब्रुवारी

आबा,

आधी काल दुपारचं सांगतो. क्रमानं सांगतो, नाहीतर मी भलतीकडं जाईन.

मेंढरं हरभऱ्याच्या रानात होती. ऊन चढलं होतं, एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभी होती, अशी उभी राहिली की हलत नाहीत हे मला माहीत. म्हणून मी भरावावर गेलो. तुमची गाडी कुठवर आली ते विचारायचं होतं. तुमचा फोन लागेना. तेवढ्यात एक अनोळखी नंबर आला.

"बजरंग हाय का?"

आबा, लई दिवसांनी तुमी माझं नाव घेतलंत. मी आलो त्या दिवशी पण घेतलं नव्हतंत.

"हाय आबा. कुठं हाव तुमी?"

"ते ठावं असतं तर तुला कावून फोन केला असता?"

मग कळलं. घाटात मायला वांती झाली. घाट उतरून गाडी थांबली, तुमी तिला तोंड धुवायला घेऊन उतरलात, तेवढ्यात गाडी गेली. पिशवी गेली, घोंगडं गेलं, फोन गेला. एका पानवाल्याच्या फोनवरनं बोलत होता. तुमी म्हणालात, "हितले लोक भलतंच बोलतेत. जो तो खंय, खंय म्हनतोय. खंय म्हंजी काय बे?"

"कुठं जाता म्हणून विचारतेत."

"मग मराठीत इचारावं की."

मी लई हसलो. तुमी पण हसलात. मागं मायचा आवाज आला, काय म्हणतोय पोरगा. ते सगळं मला आता पण ऐकू येतंय.

मग मी कामाला लागलो. हेच तर माझं काम. पानवाल्याला विचारून घेतलं, जागा फोंडाघाट. कंपनीच्या गाड्या सगळ्या गोव्याकडं गेलेल्या. एका ड्रायव्हरला लावला, तो कुडाळात अडकलेला. दुसऱ्याला लावला, त्यानं उचलला नाही. तिसरा रिकामा परत येत होता, पण म्हणाला मॅडमला विचार. मॅडमला लावला. मधी पानवाल्याचा फोन आला, तुमचे वडील चालत निघाले. मी म्हटलं, थांबवा त्यांना. तुमाला फोन दिला, तर तुमी म्हणालात, "किती लांब आसंल? चालत जातो की, दिस मावळस्तोवर पोचंल." दिवस मावळेपर्यंत पोचायला समुद्र काय नेकनूर आहे का, म्हटलं. बसा तिथंच. बसलात. परत निघालात. परत मी वरडलो. त्या पानवाल्यानं शेवटी तुमाला चहा देऊन धरून ठेवलं. पिशवी पुढच्या स्टँडावर कंडक्टरनं उतरवून ठेवली, तिथं पण मीच फोन केला. आणि मग गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, बसवले, आजी पुढं बसल्यात, हळदीला वेळेत पोचतात.

आबा, मी त्या भरावावर नाचलो. एकटाच. इतक्या लोकांना इकडून तिकडं पोचवलं, पण असं कधी झालं नव्हतं.

तोंड मावळतीकडं होतं. मेंढरं माझ्या पाठीमागं होती.

बंकटभाऊंची आरोळी आली. "बजरंग! बे, मेंढरं कडवळात!"

कालव्याच्या मोरीतनं गेली ती. पाणी बंद होतं, मोरी कोरडी. एक घुसली की सगळ्या घुसतात, हे काय मी तुमाला सांगू? मी पळत गेलो. पुढची खाली बसत होती आणि मागची अजून खात होती. मागची ओढून काढली, तुमच्या काठीनं मारली, कधी नाही एवढी मारली. पुढच्यांची तोंडं उघडी, पाय ताठ, फेस. बंकटभाऊंनी गुळाचं पाणी केलं, त्यांच्या घरची सगळी माणसं धावली, जी पितील त्यांना पाजलं. जनावरांचे डॉक्टर निरोप गेल्या गेल्या आले, सुया दिल्या. जी उभी होती त्यातली बरीच वाचली. बसलेली उठली नाहीत.

अर्ध्याच्या वर गेली, आबा. गाभण होत्या त्या जास्त. ज्या माझ्या हाळीला माना वर करत होत्या त्या.

डॉक्टर म्हणाले, किती वेळ लक्ष नव्हतं? म्हटलं, फोनवर होतो. त्यांनी सुयांचा डबा मिटला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी बंकटभाऊंनी जेसीबी आणली, कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून पुरायचं होतं. मी त्यांना दुसरं काही नाही, रेंजमधी जागा बघा एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं. मग भरावाच्या पायथ्यालाच खड्डा घेतला.

तिथंच मला सुयोगच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन वर धरला, नुसतं माझं तोंड आणि आभाळ दिसंल असा. तुमी दिसलात. स्वप्नाच्या मागं उभे, फेटा वाकडा. उजव्या बाजूला मायशेजारी स्वप्नाच्या मैत्रिणी होत्या आणि वाढपी कुणी नव्हते. मॅडमनी बसवलेच नाहीत. वाऱ्यानं अंतरपाट उडत होता, दोघंतिघं धरून होते. स्वप्नानं फोनकडं बघितलं आणि म्हणाली, "दादा, तिथं कसला आवाज येतोय?"

म्हटलं, "बंकटभाऊ विहिरीचा गाळ काढतेत."

ती म्हणाली, "रडू नको ना मग." आणि हसली.

लग्न लागलं. मी बघितलं. मागं राहून लग्न बघणारा आपल्यात मी पहिलाच.

बंकटभाऊ दिवसभर मागं लागलेत. "बे, बापाला सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर काय इज्जत ऱ्हाईल?" मी म्हटलं, सांगतो. ते म्हणाले, आत्ता लाव. मी लावला नाही. तेलगावच्या रस्त्यानं एक गाडी गेली, सोलापूरची. मी तिच्याकडं बघितलं, खोटं कशाला बोलू. बघत राहिलो, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग मेंढरं वळवली. उरलेली आता माझ्या पायाला पाय लावून चालतात. मागची वळून बघतात, बाकीच्या का येईनात म्हणून.

संध्याकाळी तुमचा फोन आला. तुमी स्वतः लावला होता. एवढं बोलताना मी तुमाला कधी ऐकलं नाही.

"बजरंग, हितं पानी माघारी जातंय, आन परत येतंय. दिसभर बगितलं. थकत न्हाई."

"पाण्यात गेलता का?"

"गुडघ्यापात्तुर. तुझी माय कमरंपात्तुर गेली. वडून काढावी लागली." मग म्हणालात, "जावई चांगला हाय. घोंगडं घालून बसला दुपारभर. घामानं निथळला, पर काढलं न्हाई." मला कळलं पुढं काय विचारणार ते.

"मेंढरं बरी हायेत का?"

"बरी हायेत."

"चरली का?"

"चरली आबा."

मग तुमी आवाज बारीक करून म्हणालात, "ह्ये लोक म्हनतेत, मंगळवारपात्तुर ऱ्हावा. बोटीत बसवतो म्हनतेत. म्या म्हनलं, पोरगं मागं हाय, त्याला इचारतो. ऱ्हाऊ का?"

आयुष्यात तुमी मला पहिल्यांदा काही सरळ विचारलंत.

बंकटभाऊ समोर उभे होते. त्यांनी हातानं खूण केली, बोल, आता बोल. खालून उरलेल्या मेंढरांचा आवाज येत होता, तो तुमाला ऐकू गेला असंल. म्हणूनच तुमी निवांत होता.

मी म्हटलं, "ऱ्हावा."

बंकटभाऊ थुंकले आणि निघून गेले. म्हणाले, तुझ्यासारखा नालायक म्या बघितला न्हाई. म्हणू द्या. तुमी आलात की हा कागद आधी तुमच्या हातात देईन, आणि इथंच उभा राहीन, मग काय करायचं ते करा. पण उद्या तुमी बोटीत बसाल. माय ओरडंल, तुमी तिचा हात धराल. कुणी विचारलं तर सांगाल, मपला कळप हाय, पोरगं बघतंय. मंगळवारपर्यंत तुमची सगळी मेंढरं जिती आहेत, आबा.

बजरंग